नऊ वळणांचा पूल

तीस वर्षं मी शांघायच्या भर बाजारातली ही बाग झाडतोय. भाड्याचे रेशमी झगे चढवून घटकाभर राजकन्या होणाऱ्या पोरींचा मला वीट आलाय.

भुतांना वळता येत नाही, म्हणून वाडवडिलांनी तळ्यावरच्या पुलाला नऊ वळणं दिली. यांना ती फक्त फोटोपुरती.

आज अशीच एक पुलाच्या मधोमध कठड्यावर बसली. माझ्या हातात मोबाईल कोंबून तिनं मला काठावर पिटाळलं.

"काका, पाण्यातली मीसुद्धा आले पाहिजे हं. नुसते पाय नका काढू."

मी मोबाईल डोळ्यांसमोर धरला. पाण्यातल्या पुलाला एकही वळण नव्हतं.

पाण्यातली ती उठली आणि सरळ माझ्या दिशेनं चालू लागली. पुलावरची तशीच हसत बसून होती.

"काका, काढला का?"

आवाज माझ्या कानाशी आला.