काट्यावरचं घर

"आजीबाई, घराला ट्रक जोडलाय की ट्रकला घर?" बक ओरडला आणि घडीच्या खुर्च्यांवर बसलेली सगळी रांग खिदळली.

अर्लिसनं खिडकीची काच खाली केली नाही. समोर बिटापासून साखर काढणाऱ्या कारखान्याचा वजनकाटा होता. मागं तीस फुटांची कॅरव्हॅन होती, तिची मान ट्रकच्या हौद्यात टेकलेली. ट्रक हलका. ज्यातून लोक कुत्र्याचं खाद्य आणि चार फळ्या आणतात, तसला.

नॉर्थ डकोटात बीट निघायला लागले की अशी चाकांवरची घरं येतात. सत्तरीला टेकलेली माणसं बारा-बारा तास बिटांच्या ढिगापाशी राबतात आणि हा देश त्याला हौसेची भटकंती म्हणतो. कामावर जायच्या आधी एकच करमणूक. खुर्च्या मांडायच्या, सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि नवी गाडी आली की तिची टर उडवायची. बाई एकटी असली तर विचारायलाच नको.

अर्लिस अकरा वर्षं यायची ती नवऱ्याबरोबर. ओर्विल मोठा ट्रक चालवायचा आणि गाडी लावताना ती मागं उभी राहून हातानं दिशा दाखवायची. यंदा ओर्विल नव्हता. मोठा ट्रक त्याच्या आजारपणातच विकला गेला होता.

मुकादम डेल्मर खिडकीशी आला. "बाई, गेल्या साली एका कॅरव्हॅननं आपल्याच ट्रकला ढकलत खड्ड्यात घातलं. तेव्हापासून नियम आहे. तुमच्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवर किती वजन झेपतं म्हणून लिहिलंय?"

"सात हजार पाउंड. ट्रक, मी आणि पाठीवर पडेल तो भार, सगळं धरून."

"एक पाउंड जरी वर गेला, तर कॅरव्हॅन इथंच राहील. कर्टिसला फोन करीन. तो येऊन तुम्हाला घेऊन जाईल."

कर्टिस तिचा मुलगा. त्यानं तळघरातली खोली तयार ठेवली होती. खिडकी नसलेली. पलंगावर नवी चादरही घातली होती. फोटो पाठवला होता.

"हा ट्रक ओढणारच नाही," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

आता मात्र अर्लिसनं काच खाली केली. "ओढतं तर गाढवही. उतारावर थांबवायचं कोणी, ते विचारा."

नियम सगळ्यांना होता. काट्यावर मात्र आजवर एकालाही नेलं नव्हतं. बकच्या घराच्या पाठीवर दोन मोटारसायकली होत्या आणि पोटात कपडे धुवायचं यंत्र. त्याला डेल्मरनं नुसता हात दाखवून आत सोडलं होतं.

ती पुढं सरकली. ट्रकची चार चाकं काट्यावर आली, कॅरव्हॅनची बाहेर राहिली. डेल्मरनं हात वर केला. ती थांबली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली.

काट्याच्या खोलीवर लाल आकडे नाचले, डळमळले आणि ठरले.

सहा हजार नऊशे साठ.

"काटा बिघडलाय!" बक उठून उभा राहिला.

"याच काट्यावर अख्ख्या जिल्ह्याचे बीट मोजतात," डेल्मर म्हणाला.

"मग हिनं मागच्या टाकीत पाणी भरलंय. शेपूट जड केलं की मान हलकी होते. जुनी लबाडी आहे ही!"

"आणि मग रस्त्यावर शेपूट हलत राहतं," अर्लिस खाली उतरत म्हणाली. "शेपूट हलवत जगायला मी कुत्रं नाही. डेल्मर, दार उघडून बघ."

डेल्मर आत गेला. त्याच्याच बुटांचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. सोफा नव्हता. टेबल नव्हतं. पलंग नव्हता, घर ऊबदार ठेवायची भट्टी नव्हती, कपाटांची दारंसुद्धा नव्हती. जमिनीवर एक गुंडाळलेली गादी, एक पातेलं, कॉफीचा थर्मास. दारामागं घडीची एक खुर्ची. सिंकखाली न्हाणीघरातला वजनकाटा.

"सगळं या काट्यावर मोजलंत?" त्यानं दारात उभ्या अर्लिसला विचारलं.

"आधी मी एकटी चढायची. मग वस्तू कवटाळून चढायची. उरेल ते वस्तूचं. सात महिने लागले."

"आणि ओर्विलची ती आरामखुर्ची?" डेल्मरनं त्या खुर्चीत बसून अकरा वर्षं तिच्या हातची कॉफी प्यायली होती.

"दारातून निघेना. करवतीनं दोन तुकडे केले. तरीही मोजली. एकशे दहा भरली."

डेल्मरनं टोपी काढली. थोडा वेळ तो त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला, जिथं गालिच्यावर चार पायांचे खळगे अजून होते. मग तो बाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईंची गाडी पास. नळाजवळची जागा बाईंना."

रांगेत कोणी बूट न्याहाळू लागलं, कोणी आभाळ.

अर्लिसनं कॅरव्हॅन काट्यावरून पलीकडं नेली आणि एका दमात, कोणाचाही हात न बघता, नळाजवळ मागं घालून सरळ उभी केली. मग थर्मास बगलेत मारला आणि ती सात पाउंडांची खुर्ची उचलून चालत काट्यापाशी आली. रांगेत नाही, रांगेच्या बरोबर समोर तिनं खुर्ची उलगडली. बसली. कॉफी ओतली.

"नियम सगळ्यांना आहे ना रे, डेल्मर?" तिनं एक घोट घेतला. "बक, बाळा, आण तुझी गाडी."