कापलेली हाक

गळ्याच्या ऑपरेशनात कीर्तनकार बुवांचा आवाज गेला. तो यंत्रातून परत आणायला लेकाने फ्रीलान्स इंजिनिअर ठरवली. जुन्या कीर्तनांच्या रेकॉर्डिंगवरून तिने यंत्राला तो आवाज शिकवला. बुवांनी टाइप केलं, यंत्र बोललं, “मंडळी, सरकून बसा, देवालाही जागा द्या!” लेक रडला. आईने मात्र मान फिरवली. इंजिनिअरने विचारलं, “काकू, आवडलं नाही?” “आवाज त्यांचाच गं. पण हे मंडळींशी बोलणं झालं. माझ्याशी असे कुठे बोलायचे?” इंजिनिअर चपापली. “कीर्तनात मध्येच ‘अगं, पाणी आण’ यायचं. व्यत्यय समजून मी ते कापलं.” “अगं वेडे, माझ्या वाट्याचं तेवढंच होतं!” इंजिनिअरने कापलेले तुकडे जोडून यंत्राला पुन्हा शिकवलं. बुवांची हाक आली, “अगं...” आई सवयीने उठली. “आले! पाणीच ना?” बुवांनी तिचा हात धरला. यंत्रातून म्हणाले, “बस गं जरा. पाणी मी आणतो.”