बाळाचा ताप

"बाळाला ताप किती होता?" वकिलांनी विचारलं.

"चाळीस डिग्री," बुपे म्हणाली. "अंगाला हात लावला तर चटका बसत होता."

कासामा शहरातल्या कोर्टात सकाळी दहालाच छपराचा पत्रा तापला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बुपेच्या पाठीला तिची आठ महिन्यांची मुलगी मापालो ओढणीने बांधलेली होती. ती गाढ झोपली होती. समोर आरोपी म्हणून उभा असलेला बुपेचा नवरा मुताले हातातल्या टोपीकडे बघत होता.

"म्हणून तुम्ही यांना फोन केलात?"

"हो साहेब. घरात दुसरं कुणी नव्हतं."

"हे गाडीवर आहेत, माहीत होतं?"

"होतं. दोनदा त्यांनी उचलला नाही. मीच पुन्हा लावला."

एवढं मात्र खरं होतं. तिसऱ्यांदा वाजला की मुताले उचलतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याने एका हाताने फोन कानाला लावला, आणि पिठाची पोती भरलेला टेम्पो रस्त्याच्या कडेने रताळ्यांची टोपली घेऊन चाललेल्या आग्नेसबाईंवर गेला. बाई तिथेच गेल्या.

ताप मुतालेच्या या वकिलांनीच परवा सुचवला होता. "उगाच बोलत होता म्हणालात तर सरळ तुरुंग. तान्हं मूल आजारी होतं म्हणालात तर न्यायाधीश बाईंना दया येईल. बघा बुवा, मी काही बळजबरी करत नाही." अपघाताच्या दिवशी मापालो अंगणात माती खात बसली होती, ठणठणीत.

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग चष्मा काढून मुतालेकडे पाहिलं.

"चालत्या गाडीत फोन हातात घेणं हा गुन्हा आहे, आणि त्यात एक जीव गेलाय. कारण काहीही असो, गाडी कडेला घेऊन बोलता आलं असतं. एक वर्ष कैद." त्या थांबल्या. "पण मूल आजारी होतं, हे मी विचारात घेते. कैद स्थगित ठेवते. परवाना तीन वर्षं बंद. पुन्हा असं काही केलंत, तर थेट आत जाल."

मुताले कारकुनाबरोबर सह्या करायला गेला. जाताना त्याने बुपेकडे पाहिलं नाही. बाहेर आंब्याखाली नणंद तिच्या गळ्यात पडली. "वहिनी, आज तू होतीस म्हणून सुटला गं तो." मग ती बसची चौकशी करायला फाटकाकडे गेली.

बुपे ओढणी सैल करून मापालोला पुढे घेत होती, तेव्हा आग्नेसबाईंचे यजमान तिच्यासमोर येऊन उभे राहिले. सगळे त्यांना कापासाबाबा म्हणत. पूर्ण वेळ ते पहिल्या बाकावर एकटे बसून होते.

"उतरला का गं ताप?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

त्यांनी उलट्या बोटांनी मापालोच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं झालं. आमची दोन लेकरं अशीच तापाने गेली. आई काय करेल, हाक मारेलच की कुणाला तरी."

बुपेने खाली बघत ओढणीची गाठ पुन्हा आवळली.

"एक विचारू? पोलीस म्हणत होते, अपघातानंतरही फोन चालूच राहिला होता. तुला ऐकू येत होतं सगळं."

"हो."

"ती बोलली का काही?"

हे बुपेने कुणालाच सांगितलं नव्हतं. मुतालेलाही नाही.

"बोलल्या," ती म्हणाली. "माफ करा हं, म्हणाल्या. मुतालेंना. फोन तसाच हातात घेऊन ते उतरून त्यांच्याजवळ धावले तेव्हा. दोनदा म्हणाल्या."

कापासाबाबा मान हलवत राहिले. त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं.

"तीच ती. बाजारात कुणी तिच्या पायावर पाय दिला तरी हीच माफी मागायची. मी चिडायचो. म्हणायचो, अगं, चूक त्याची आहे, तू कशाला?" त्यांनी डोळे पुसले. "बरं झालं सांगितलंस. येतो मी. बाळाला जप."

ते चार पावलं गेले असतील.

"बाबा, थांबा."

ते वळून परत आले.

"ताप नव्हता," बुपे म्हणाली. "तिला काहीच झालं नव्हतं. येताना सुके मासे आणा, एवढंच सांगायचं होतं मला. फोन उचलत नाहीत म्हणून राग आला होता, म्हणून पुन्हा पुन्हा लावला." तिने मापालोला कडेवर घेतलं. "मी आत जाते. न्यायाधीश बाईंना सांगते सगळं."

कापासाबाबांनी कोर्टाच्या दाराकडे पाहिलं, मग मापालोकडे. मापालो जागी होऊन त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे हात करत होती.

"त्यांना सांग नाहीतर नको सांगू, ते तुझं तू बघ," ते म्हणाले. "मी इथून तिच्या कबरीवर जाणार होतो. म्हणणार होतो, आग्नेस, आजारी लेकरासाठी झालं गं, मनात ठेवू नकोस."

त्यांनी आपलं बोट मापालोच्या मुठीत दिलं.

"आता काय सांगू तिला?"