पास झालेलं पाणी

हिंगणीजवळच्या त्या गावात पाण्याची मोटर जळून तीन दिवस झाले होते, तरी नळाला पाणी येतच होतं. चिंधू चोरून जुन्या, बंद केलेल्या विहिरीचं पाणी सोडत असणार, असा आरोग्यसेविका दीपमालाला दाट संशय होता. गावचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडेच होतं.

"चिंधूभाऊ, खरं सांगा."

"तुमीच चढून पाहा, मॅडम. म्या काई सोडलं नाई."

ती टाकीवर चढली. टाकी कोरडी ठण्ण होती, तळाचा गाळही सुकून भेगाळला होता. ब्लिचिंग पावडरचं पोतं शिवलेलंच होतं. खाली उतरून तिनं स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह आवळून बंद केला आणि गल्लीत आली.

भागाबाईच्या अंगणातला नळ धो धो वाहत होता.

दीपमालानं काचेच्या नळीत पाणी धरलं आणि क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, अगदी नियमात सांगितलंय तेवढंच. पण पावडरचं पोतं तर कुणी उघडलंच नव्हतं.

"मावशी, हे पिऊ नका."

"पयल्या दिवशी पेलो ना, बाई," भागाबाई म्हणाली. "तवापासून गावात कोणालेच तहान नाई लागली."

अंगणभर पाण्यानं काठोकाठ भरलेले पितळी गुंड आणि बादल्या होत्या.

"मग भरता काऊन?"

भागाबाईनं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि धास्तावून नळाकडे पाहिलं.

कुणी श्वास रोखून कान द्यावा, तशी गल्लीतल्या साऱ्या नळांची धार एकदम थांबली.