सोडायचा, ढकलायचा नाही

वाळूने ठासून भरलेला रंगाचा डबा पार्किंगच्या छताच्या कडीला दोराने टांगला होता. बिट्टी भिंतीला डोकं टेकून, तो डबा दोन्ही हातांनी नाकाशी धरून उभी होती.

"सोडायचा. ढकलायचा नाही," आई पुन्हा म्हणाली.

"कळलं गं."

"आणि डोकं पुढे आणायचं नाही."

"आई! किती वेळा?"

इमारतीतली पोरं फरशीवर मांडी घालून बसली होती. शाळेत जे नुसतं पाठ करतात ते इथे करून बघायचं, म्हणून आई दर रविवारी त्यांना गोळा करायची. आज तिने सांगितलं होतं, नुसता सोडलेला डबा जिथून सुटला त्याच्या पुढे येत नाही. कधीच नाही. मी म्हणते म्हणून मानू नका. बघा.

स्कूटर काढता काढता पहिल्या मजल्यावरचे काका थांबले. "वहिनी, पोरीचं नाक जपा हो! विज्ञान काय, पळून जात नाही."

पोरं खिदळली. आईही हसली. गाठ तिने स्वतः मारली होती. स्वतः लोंबकळून पाहिली होती. गाठ पक्की होती.

पक्की होती ना?

बिट्टीने डबा सोडला.

गेला.

लांब, पार काकांच्या स्कूटरपर्यंत. तिथे क्षणभर थबकला.

आला.

मोठा होत. (पुढे येणार नाही.) आणखी मोठा. (येऊच शकत नाही.) बिट्टीचे डोळे सताड उघडे, डोकं भिंतीला. (गाठ. कडी. दोर जुना आहे.) आणखी

आईने झेप घेऊन डबा धरला.

दोर करकरला.

"काकू, का धरलात?" पोरांतली दोन वेण्यांवाली मुलगी म्हणाली. "तो पुढे आला असता?"

"नाही."

"मग?"

पोरं बसल्या बसल्या मागे सरकत होती. "मी नाही बाबा उभी राहणार," कुणीतरी पुटपुटलं. काकांनी स्कूटर सुरू केली नाही. ते बघत राहिले.

"मी हलले नसते," बिट्टी म्हणाली.

"माहितेय मला."

"तुला नव्हतं माहीत."

आईने डबा हळूच सोडून दिला. तो डुलत स्थिर झाला. मग ती जाऊन भिंतीला टेकली आणि हात पाठीमागे घट्ट बांधले.

"स्टूल घे. डबा माझ्या नाकाला लाव आणि सोड."

बिट्टी बाजूच्या स्टुलावर चढली. डब्याचा गार पत्रा आईच्या नाकाला लागला.

"ढकलू नकोस हं."

"गप्प बस ना, आई."

गेला.

आईला पोरं दिसेनाशी झाली. दिसत होता फक्त डबा. लहान होत गेलेला, थबकलेला.

आला.

नाकावर वारा लागला. जुन्या रंगाचा वास आला. पत्रा लागला नाही. डबा आल्या वाटेने परत निघाला. कुणाच्याच तोंडून आवाज फुटला नाही.

आईने मान न हलवता बाजूला पाहिलं. स्टुलावर बिट्टी डोळे गच्च मिटून उभी होती, दोन्ही मुठी हनुवटीशी.

"झालं?" ती विचारत होती. "आई, झालं का? बोल ना गं."