दुफिएचे आसन

आसन आडवे नव्हते.

दुफिए उंबऱ्यातच थबकली. तिच्या हाती चुंबळ होती आणि खांद्यावर जाड फडके. विवाहाच्या वेळी नवऱ्याने, अडोमाकोने, दिलेले, एकाच ओंडक्यातून कोरलेले, मध्यभागी खोलगट असे ते स्टुलासारखे आसन डोक्यावर घेऊन जाण्यासाठीच ती माहेराहून आली होती. पत्नीचे आसन दाराबाहेर पडले की संसार मोडला, हे अहविया गावात कोणास सांगावे लागत नाही.

घर सोडताना तिने स्वहस्ते ते कुशीवर लवंडून ठेवले होते. मालकीण उठली की आसन आडवे करावे. रिकाम्या आसनावर भटका आत्मा येऊन बसतो, असा तेथील रिवाज. आता मात्र तेच आसन चुलीपाशी सरळ उभे होते, आणि त्याच्या खोलगट भागात शेंगदाण्याच्या कालवणाची गोल बुडाची हंडी वाफाळत होती.

बाजारातली मासळीवाली कोनाडूमावशी म्हणाली ते खरेच निघाले. "तुझ्या नवऱ्यानं त्या आसनाचं काय करायचं बाकी ठेवलंय गं? सकाळी वर आरसा ठेवून दाढी करतो, दुपारी केळी पिकत घालतो, संध्याकाळी रेडिओ. कोंबडी तेवढी अंड्यांवर बसवायची राहिलीय."

अडोमाकोने पाण्याचा वाडगा तिच्या हाती दिला. आल्यागेल्यास आधी पाणी द्यावे, मग येण्याचे कारण विचारावे, ही रीत. पाणी देऊन तो पुन्हा हंडीकडे वळला.

"का आले ते विचारत नाहीस?"

"मीठ कमी पडलंय बहुतेक," तो हंडीत पाहत म्हणाला.

दुफिएची नजर खोलीभर फिरली. खिडकीखालचे टेबल मोकळे होते. त्यावर धुळीचा थर साचला होता. फळीवरही काही नव्हते. घरातील सारे सामान जणू एका आसनाभोवती गोळा झाले होते. तिच्या क्रोधाच्या जागी नवल आले.

"भांडणाच्या दिवशी तुझ्या बहिणीदेखत मला म्हणालास, या घरात तुझं आहे काय? एक आसन होतं. त्यावरही हंडी चढवलीस. टेबल काय शोभेला आणलंय?"

"टेबल रिकामं चालतं."

"आणि हे?"

अडोमाकोने पळी खाली ठेवली.

"हे रिकामं असलं की आडवं करावं लागतं. तू गेल्यावर तसंच पडून होतं. येईल तो आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग मला विचारायचा, दुफिए गेली का? एके दिवशी बहिणीनंच विचारलं. तेव्हा मी उठून ते सरळ केलं आणि वर रेडिओ ठेवला. तिला म्हटलं, हे उभं आहे तोवर दुफिए घरात आहे." त्याने पळी पुन्हा उचलली. "तेव्हापासून आडवं करायची वेळच येऊ दिली नाही."

दुफिएने वाडगा आणि चुंबळ जमिनीवर ठेवली. फडक्याने धरून हंडी उचलली आणि चुंबळीवर टेकवली. त्याच फडक्याने आसन पुसले, आणि ती त्यावर बसली.

"आण मीठ," ती म्हणाली.