हीटरचं बटण

जुन्या गाडीतलं हीटरचं बटण काही केल्या फिरत नव्हतं. "गंजलंय ते. जोर लावू नकोस, मोडून ठेवशील," असं सांगत नवऱ्याने तिला कित्येक हिवाळे कुडकुडत कामावर धाडलं होतं.

या रविवारी मात्र थंडीने बोटं फुटून रक्त आलं, तेव्हा तिने स्क्रू काढून डॅशबोर्डच उघडला. आत गंज नावालाही नव्हता. बटणाची केबल कुणीतरी तारेने करकचून बांधली होती. पाणी कुठं मुरतंय ते तिच्या लक्षात आलं.

"अगं, हीटरने पेट्रोल जळतं!" नवरा दारातूनच ओरडला.



तिने पकडीने तार तोडली, हीटर पूर्ण सोडला, चारही काचा खाली केल्या आणि माहेरी निघाली, तीही लांबच्या रस्त्याने.